उजवा गिअर

(कुमासी शहर, सुआमेची वर्कशॉपवस्ती. सुट्या भागांच्या एका दुकानामागची पत्र्याची शेड. दुपार. मामी जुनी बेअरिंगं रॉकेलनं पुसतेय. तिची भाची पोकुआ शाळेच्या गणवेशातच आलीय आणि पिशवी मांडीवर धरून बसलीय.)

मामी: ह्यांना नाही सांगायचं म्हणजे नाही सांगायचं. एकदा बोलले ना मी.

पोकुआ: पण मामी, मामानं केलेला गिअर अडतोय.

मामी: अडू दे. नवीन आहे. नवी सूनसुद्धा आधी अडते, मग बसते जागेवर.

पोकुआ: गिअर नाही बसत तसा. काल आम्ही शाळेत दिवसभर फिरवून पाहिला. डावा गिअर छान आहे, खरंच छान. उजव्याला दर फेरीला एक गचका बसतो. गचका बसला की रोबो तोंड उजवीकडे करतो. खोकं उचलायला जातो आणि मांडणीच्या खांबाला धडकतो.

मामी: मग त्याला सरळ चालायला शिकवा. शाळा कशासाठी आहे?

पोकुआ: मामी, प्लीज.

मामी: ते परदेशातून मागवलेले गिअर कुठं गेले?

पोकुआ: तेमाच्या बंदरात पडलेत. कोणाच्या सहीवाचून अडलेत ते कोणालाच ठाऊक नाही. आणि आक्राची रोबोंची स्पर्धा शनिवारी आहे.

मामी: शनिवारी आहे ते मला माहीत आहे. ह्यांनी आक्राला जायचा शर्ट शिवून आणलाय. निळा, त्यावर पिवळे मासे. आयुष्यात मासे कधी अंगावर घातले नव्हते ह्या माणसानं.

पोकुआ: माहितीये. मला फोटो पाठवला त्यानं.

मामी: तुला फोटो पाठवला. मला विचार मी काय काय पाहिलंय. अर्धांगाचा झटका आला, हॉस्पिटलातून आणल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. उजवा हात नुसता शेजारी ठेवल्यासारखा. पाद्री आले, तुझी आई आली, गायनपथकातले सगळे आले. सगळ्यांना हे एकच म्हणायचे, बरा आहे. आणि मग तू आलीस एक दिवस. काय म्हणाली होतीस?

पोकुआ: म्हटलं, मामा, आमची मोटर लांब आहे, आडवी ठेवली तर रोबो दारातून जात नाही. ती उभी ठेवायची आणि तिचं फिरणं काटकोनात वळवून चाकाला द्यायचं. त्याला गिअरची जोडी लागते. डावीकडे एक, उजवीकडे एक.

मामी: मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण हे उठले. काठी घेतली, इथवर आले आणि त्या दाते कापायच्या मिलिंग मशीनवरची ताडपत्री ओढून काढली. किती धूळ उडाली होती. मी खोकत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. आता तू येऊन सांगणार की तुमचा गिअर चुकला?

पोकुआ: मग काय करू?

मामी: दुसरं काहीतरी लावा आत. वरून झाकण लावा. मामा, तुझाच आहे आत, असं सांग. झाकण कोण उघडून बघतंय?

पोकुआ: परीक्षक बघतात. एकेका भागाला हात लावून विचारतात, हा कुठून आणला, कोणी केला, का केला. आणि मामा पिवळे मासे घालून पहिल्या ओळीत उभा असणार. मी त्याच्या तोंडावर काय सांगू?

मामी: ते रॉकेल सरकव इकडे.

पोकुआ: मुलींनी भंगारातून दोन ग्राइंडरची डोकी आणलीत. त्यांच्यातही फिरणं काटकोनात वळतं. सर म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत ठरवा. मामाचे दोन्ही काढून ती दोन लावायची की नाही. आमच्या संघातली मावुसी म्हणाली, तुझा मामा आहे, तू ठरव.

मामी: मोठी शहाणी तुझी मावुसी. गरम भांडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

पोकुआ: मला रात्रभर झोप नाही लागली मामी.

मामी: हळू बोल. काठी वाजतेय. आले ते. पिशवी खाली ठेव आणि हस.

मामा: कोण हसतंय? अरे, इंजिनियरबाई. गणवेशात? शाळेनं हाकललं की सुट्टी दिली?

पोकुआ: सरांनीच पाठवलं मामा. कसा आहेस?

मामा: हे बघ, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. रेडिएटरवाल्याच्या बाकावर एकदा बसलो, पण ते गप्पांसाठी. पायांसाठी नाही. पिशवीत काय आहे?

मामी: डबा आहे तिचा.

मामा: ह्या डब्याला ग्रीसचा वास येतोय. काढ बाहेर. मीही बघतो, माझा गिअर शाळेत राहून अंगानं भरला का ते.

पोकुआ: मामा...

मामा: कसा चाललाय?

मामी: छान चाललाय म्हणाली आत्ताच. लोण्यासारखा.

मामा: मी हिला विचारलं. पोकुआ, कसा चाललाय?

पोकुआ: डावा छान चाललाय.

मामा: आणि?

पोकुआ: उजवा नाही चालत, मामा. दर फेरीला एकदा अडतो. टक् असा आवाज येतो आणि अडतो.

मामी: पोरी, पोरी.

मामा: परत सांग.

पोकुआ: दर फेरीला एकदा...

मामा: मोठ्या चाकाच्या फेरीला की लहान चाकाच्या?

पोकुआ: मोठ्या. लहान दोनदा फिरतं तेव्हा एकदा येतो.

मामा: टक्, की खर्र?

पोकुआ: टक्. कोरडा. कोणी एका बोटानं दार वाजवावं तसा.

मामा: एका बोटानं.

मामी: झालं तुझं समाधान? बघ त्यांच्याकडे. डोळे बघ त्यांचे.

मामा: तू जरा गप्प बस गं. पोकुआ, हा आवाज तुला एकटीलाच येतो?

पोकुआ: नाही. मावुसीला येतो, रहिनाला येतो. सरांना तर आधी आला. आम्ही लहान चाकाच्या दात्यांना निळा रंग लावून फिरवला, तेव्हा दिसलं. एक दाता जाड झालाय आणि त्याच्या शेजारचा बारीक. जाडावर रंगाचा थर बसतो, बारकाला लागतच नाही.

मामा: म्हणजे आवाज आहे.

पोकुआ: आहे, मामा. मला माफ कर, मला सांगायचं नव्हतं, पण...

मामा: आवाज आहे. देवा. खरोखरचा आवाज आहे.

पोकुआ: मामा, तू रडतोयस का?

मामा: रडू दे जरा. हसतोयही बघ मध्येमध्ये. अगं, तो गिअर मी शिकंज्यात धरून पहिल्यांदा फिरवला ना, त्याच दिवशी मला टक् ऐकू आलं होतं. बोटांनी चाचपलं, तर ह्या बोटांना काही कळेना. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, कधी नसलेलं ऐकू येईल, कधी असलेलं जाणवणार नाही, घाबरायचं नाही. म्हटलं, पडताळून पाहू. शेजारच्या सालिफूला बोलावलं. वेल्डिंग टाकून आला बिचारा. कान लाव म्हटलं. तो म्हणाला, मास्टर, गवतातून साप सरकावा तसा चाललाय. रेडिएटरवाला म्हणाला, तुमच्या हाताला काय तोड आहे. मग हिला बोलावलं.

मामी: मला मध्ये घेऊ नका.

मामा: हिला म्हटलं, नीट ऐक, काही वाजतंय का. ही म्हणाली, लोण्यासारखा. मग मी समजलो, टक् गिअरमध्ये नाही, माझ्या डोक्यात आहे. उशीवर डोकं ठेवलं की वाटायचं, आता वाजेल. चर्चमध्ये ढोल वाजला की वाटायचं, हा ढोल आहे ना, की माझं आपलं? कोणाला विचारायची सोय नाही. विचारलं की सगळे छान म्हणणार.

पोकुआ: मग तू आम्हाला दिलास कशाला तो?

मामा: डोकं खोटं बोलतंय असं वाटत होतं ना. गिअर खरा असेल असं धरून चाललो. आणि थोडं असंही होतं की पोरी फिरवतील, पोरींना काय कोणाची भीड. पण तूही आल्याबरोबर म्हणालीस, डावा छान चाललाय.

पोकुआ: तो खरंच छान चाललाय.

मामा: आता पटलं मला. आत्ता पटलं.

मामी: मी ऐकला होता.

मामा: काय?

मामी: टक्. ऐकला होता मी. अठरा वर्षं ह्या शेडच्या पुढं बेअरिंगं विकतेय, खुळखुळतं कोणतं आणि धड कोणतं, पाठमोरी असले तरी कळतं मला. पहिल्या फेरीलाच ऐकला.

मामा: आणि म्हणालीस लोण्यासारखा.

मामी: मग काय म्हणायचं होतं? तुम्ही तोंडभर हसत उभे होतात. किती महिन्यांनी. हाताला ग्रीस लागलं होतं, ते गालाला पुसलं होतंत. त्या चेहऱ्याला मी काय सांगायचं होतं, चुकलं म्हणून? ज्याला त्याला मी सांगत सुटले, हे परत कामाला लागले. सालिफूलाही आधीच जाऊन मी सांगितलं होतं, काहीही विचारलं तरी छान म्हण.

मामा: तू सांगितलंस त्याला?

मामी: रेडिएटरवाल्यालाही. माझ्या मनात पाप नव्हतं.

मामा: पाप कसलं त्यात. पण मला तू वेडा करत होतीस गं.

मामी: मला काय ठाऊक तुम्ही ते डोक्यात घेऊन फिरताय. तुम्ही तरी बोललात का? विचारलं की बरा आहे.

मामा: हो. तेही खरं.

पोकुआ: मामी, पाणी आणू?

मामी: मला नको. त्यांना दे. मलाही दे थोडं.

मामा: बरं. आता कामाचं बोलू. शनिवारला काय लावणार तुम्ही?

पोकुआ: भंगारात ग्राइंडरची दोन डोकी मिळालीत. एकाच कंपनीची आहेत, दाते मोजले, सारखे आहेत.

मामा: आणलीस का? दाखव. हं. हे बरं आहे. हेही बरं आहे. धुवून नवीन ग्रीस भरा, चालतील. लावा हीच.

पोकुआ: लावू?

मामा: लावा की. मी काही रुसत नाही. मी मासे घालून येईन आणि सगळ्यांना सांगेन, माझा एक गिअर बरा झाला होता, एक बिघडला, म्हणून पोरींनी दोन्ही काढले. बरोबर केलं पोरींनी.

पोकुआ: पण मला तुझेच हवेत.

मामा: आता तू सुरू नको करू. माझं मन राखायला काही करायचं नाही.

पोकुआ: तुझं मन राखायला नाही म्हणत. ग्राइंडरच्या डोक्यांची भोकं वेगळ्या जागी येतात. ती लावायची तर रोबोच्या चौकटीला पुन्हा भोकं पाडावी लागतील, आणि आधीच ती चाळणी झालीय. वर ही जास्तच हळू फिरतात, म्हणजे सगळा हिशेब परत मांडायचा. तुझ्या मापाची चौकट आहे. उजवा सरळ चालला असता तर आम्हाला काहीच करावं लागलं नसतं.

मामा: खरं बोलतेयस?

पोकुआ: सरांना फोन लावून देऊ?

मामा: नको. तू खोटं बोललीस की कान खाजवतेस, आत्ता नाही खाजवलास. लहान चाक बरं आहे ना? मग फक्त मोठं चाक पुन्हा कापायचं. लेथवर कापून ठेवलेली एक चकती शिल्लक आहे, खणात बघ. जास्तीची एक करून ठेवली होती, देवाला ठाऊक कसं सुचलं.

मामी: आत्ता? जेवला नाहीत तुम्ही.

मामा: त्या बिनमिठाच्या सूपपासून मी पळून जाणार नाही, आणि ते मला सोडून जाणार नाही. खरं बोलायचाच दिवस आहे तर सांगून टाकतो, ते सूप मी औषध म्हणून पितो. तुला रोज छान म्हणतो ना, ते सालिफूसारखं.

मामी: कळत होतं मला. रोज नाक धरून पिता.

मामा: पोकुआ, इकडे ये. तुला एक सांगतो, आईला सांगितलंस तरी चालेल. हात चालतो माझा. सावकाश चालतो, पण चालतो. डोळे चालतात. मोजणं निसटतं. मोजता मोजता आकडा हातातून सुटून पडतो, आणि पडला हे कळतच नाही. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

पोकुआ: म्हणून एक दाता जाड?

मामा: म्हणूनच. ही भोकांची तबकडी बघ. एक खाच कापली की हा दांडा एक पूर्ण फेरी फिरवायचा आणि वर दोन भोकं पुढं न्यायचा. मग पुढची खाच. मी कुठंतरी तीन भोकं गेलो असणार आणि पुढच्या वेळी एकाच भोकावर थांबलो असणार. डावा सकाळी केला होता, ताजातवाना होतो. उजव्याला दमलो होतो.

पोकुआ: मग मी मोजते.

मामा: तेच म्हणणार होतो. मोठ्यानं मोज. माझ्याकडे बघून नाही, तबकडीकडे बघून.

मामी: आणि मी?

मामा: तू तेल सोड. धार नको, थेंब थेंब. हातमोजा घाल आधी.

मामी: मला शिकवू नका. मशीनच्या शेजारी संसार केलाय.

पोकुआ: चकती बसवली. घट्ट आहे.

मामा: हलवून बघ.

पोकुआ: हलत नाही.

मामा: चालू कर. कटर हळूच टेकवतो. ऐक, हा आवाज बरोबर. तेल.

मामी: सोडतेय.

मामा: झाली पहिली. दांडा.

पोकुआ: एक फेरी. एक भोक, दोन भोकं. दांड्याची पिन भोकात बसली.

मामा: तेल. हं. दांडा.

पोकुआ: एक फेरी. एक, दोन. बसली.

मामा: दांडा.

पोकुआ: एक फेरी. एक, दोन... थांब मामा, पिन नाही बसली नीट. आता बसली.

मामा: बघ, हे मला कळलं नसतं. पुढं.

मामी: तास होत आला. मागच्या वेळी एवढा वेळ नव्हता लागला.

मामा: मागच्या वेळी घाई होती, तुम्हा सगळ्यांना मी बरा झालो हे दाखवायची. दांडा.

पोकुआ: एक फेरी. एक, दोन. बसली. मामा, हात थरथरतोय तुझा. बसतोस थोडा?

मामा: थरथरतोय?

पोकुआ: हो.

मामा: मग बसतो. बंद कर. आणि पिन तशीच राहू दे, हलवू नकोस. पाणी दे.

मामी: हात द्या इकडे. चोळते. थंडगार पडलाय. डॉक्टरनं सांगितलंय चोळायला, तुम्ही कधी चोळू देता?

मामा: आता देतोय ना. चोळ.

पोकुआ: मावुसीचा मेसेज आलाय. विचारतेय, काय ठरलं.

मामा: सांग, म्हातारा बसलाय, दोन बायका त्याच्यावर ओरडतायत, काम चालू आहे.

पोकुआ: तसंच लिहू?

मामा: तसंच लिही. चल, लाव परत. कुठं होतो आपण?

पोकुआ: पिन बसलीय, शेवटचीच खाच कापायची राहिलीय.

मामा: तेल.

मामी: सोडतेय हो, सोडतेय.

मामा: दांडा.

पोकुआ: एक फेरी. एक, दोन. बसली. मामा, ही पहिल्या खाचेवरच येऊन बसली. कटर कुठं घासत नाही.

मामा: म्हणजे गोल पुरा झाला, आणि बरोबर पुरा झाला. बंद कर. आता कडांवर राहिलेली धातूची कूस काढायची. कानस घे. मी धरतो, तू मार. तुझा हात हलका आहे. एका दिशेनंच, करवतीसारखी मागं-पुढं नाही.

पोकुआ: अशी?

मामा: अशीच. आणखी हलकी. बास. पूस आणि लहान चाकाला जोडून शिकंज्यात धर. निळा रंग आहे का तुझ्याकडे?

पोकुआ: पिशवीत आहे.

मामा: लाव. आता फिरव.

पोकुआ: तू फिरव ना.

मामा: नाही. मी ऐकतो. तू फिरव, आणि हिला इकडे शेजारी उभी राहू दे.

पोकुआ: फिरवतेय.

मामा: सालिफू, जरा ते ठोकणं थांबव रे. पोकुआ, परत फिरव.

पोकुआ: फिरवतेय. आणखी?

मामा: आणखी. उलटं फिरव. हं. मला काही ऐकू येत नाहीये. तुम्हाला?

पोकुआ: मला नाही.

मामा: तुला गं? आणि लोणी मध्ये आणायचं नाही.

मामी: थांबा. परत फिरव गं पोरी. सावकाश. टक् नाही. पण थोडी घरघर आहे. आधीच्या डाव्यालाही होती का?

पोकुआ: होती. कडा अजून खरखरीत आहेत म्हणून. ग्रीस भरलं आणि तासभर चालवलं की जाते. डाव्याची गेली.

मामा: घरघर मलाही येतेय. बरोबर. घरघर आहे, टक् नाही.

पोकुआ: आणि रंग बघ मामा. सगळ्या दात्यांवर सारखा लागलाय. ह्या दोघांवर जरा कडेला, पण लागलाय.

मामा: इकडं उजेडात धर. हं. हे माझ्या चांगल्या दिवसांतल्यासारखं नाही. पण गिअर आहे. ह्याला गिअर म्हणता येईल.

पोकुआ: मी सरांना फोन करते. मामा, खूप हलकं वाटतंय.

मामा: जा, फोन कर. बाहेर जाऊन कर, इथं सालिफू परत ठोकायला लागेल. आणि परीक्षकांनी विचारलं, कोणी केला, तर काय सांगशील?

पोकुआ: कापला तू, मोजला मी, तेल मामीनं सोडलं.

मामा: आणि एक आधी बिघडला होता, तेही सांग.

पोकुआ: तेही सांगेन. आलेच.

मामी: पोर गेली. बसा आता. सूप गरम करते.

मामा: बस जरा तूही. एक विचारू? खरं सांगशील?

मामी: विचारा.

मामा: मी चालतो तेव्हा उजवा पाय अजून घासतो का? मला कळत नाही. गल्लीतले म्हणतात, मास्टर, अगदी पहिल्यासारखे चालता.

मामी: गल्लीतले काही म्हणू देत. घासतो.

मामा: घासतो.

मामी: घासतो. पण मागच्या महिन्यापेक्षा कमी. तेव्हा मला दुकानात बसून ऐकू यायचा, आता तुम्ही जवळ आल्यावरच येतो.

मामा: कमी झालाय?

मामी: कमी झालाय.

मामा: हे मी ऐकलं होतं तुझ्याकडून, दोन-तीनदा. आज पहिल्यांदा खरं वाटलं.